अमेरिकेतील मुदतमर्यादेची चळवळ

लोकप्रतिनिधीने किती वर्षे पदावर राहावे, हा प्रश्न अमेरिकेत नागरिकांनीच सह्यांची मोहीम राबवून सार्वमताला नेला. १९९० मध्ये ओक्लाहोमा, कोलोरॅडो व कॅलिफोर्निया या राज्यांत विधिमंडळ सदस्यांवर मुदतमर्यादा आली. १९९५ पर्यंत २३ राज्यांनी ती आपल्या संसद सदस्यांनाही लावली. मात्र त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निकालाने संसद सदस्यांवरील हे बंधन घटनाबाह्य ठरविले. विधिमंडळांवरील मर्यादा टिकली, तीही सर्वत्र नव्हे. आयडाहोत मतदारांनी केलेला कायदा २००२ मध्ये आमदारांनीच रद्द केला. ज्यांना बंधन, त्यांच्याच हाती कात्री! त्यानंतरच्या सार्वमतात मतदारांनीही आमदारांचा निर्णय निसटत्या बहुमताने उचलून धरला. नॉर्थ डाकोटाच्या मतदारांनी मात्र २०२२ मध्ये प्रत्येक सभागृहासाठी आठ वर्षांची मर्यादा मंजूर केली.