उधारीची कावीळ

आज कॅमेरा घेऊन बंगळूरच्या चिकपेटेत उभा आहे. लग्नसराईत बेळगाव, निपाणी, सोलापूरकडची आपली माणसं रेशमी साड्यांसाठी इथे येतात. दुपारी गल्लीत पाणीपुरी होते, रात्री परतीची गाडी. समजा, त्या पाण्यात काविळीचा विषाणू होता. पटकी एक-दोन दिवसांत हिशेब मागते. कावीळ उधारीवर येते, महिना-सव्वा महिन्याने. तोवर लग्न लागलेलं असतं आणि पाणीपुरी कुणाच्या लक्षातही नसते.

या उधारीचा मोठा दाखला दिल्लीचा. १९५५ साली यमुनेचा पूर ओसरताना पात्र सरकलं आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी वझिराबादला, जिथून शहराचं पाणी उचलत, तिथवर पोहोचलं. ही गोष्ट लक्षात आली होती बरं का! तुरटी आणि क्लोरीन वाढवलं. विषमज्वर वाढला नाही, हगवण वाढली नाही. डिसेंबरात मात्र शहर पिवळं पडू लागलं. जानेवारी सरेपर्यंत सुमारे २९,३०० जणांना कावीळ झाली. क्लोरीनची ती मात्रा जिवाणूंना पुरली, विषाणूला पुरली नाही. मेलेल्यांत गरोदर बायकांचं प्रमाण जास्त होतं.

पंचवीस वर्षं सगळे याला 'अ' प्रकारची कावीळ समजत होते. १९८० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या डॉ. खोर्शेद पावरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर दिल्लीच्या साथीतले जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले. 'अ' नव्हे, 'ब'ही नव्हे! त्याच वर्षी काश्मीरच्या साथीवरून डॉ. खुरू यांनीही तेच मांडलं.

पुढचा भाग फौजेचा. अफगाणिस्तानात सोव्हिएत सैनिकांना कावीळ होत होती. मिखाईल बलायान या डॉक्टरने रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्यायला. महिन्याभराने तो पिवळा पडला, आणि त्याच्याच विष्ठेत सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दिसला. १९८३ साली ते छापून आलं. आज आपण त्याला हेपटायटिस ई म्हणतो. (असा माणूस माझ्या तुकडीत असता, तर त्याला आधी कोठडीत टाकलं असतं आणि मग सलाम ठोकला असता.)

हे सगळं मी फार उशिरा वाचलं. तरुण कॅप्टन असताना माझे चौदा जवान एकाच आठवड्यात पिवळे पडले. मी लंगरवर गेलो, आदल्या दिवशीची भांडी पाहिली, एका पातेल्याला खरकटं दिसलं आणि आचाऱ्याला सगळ्यांसमोर झाडलं. त्याच्या कागदांवर लाल शाईची नोंद पडली. तो काही बोलला नाही. दिल्लीचा हिशेब वाचल्यावर मी जुनी डायरी काढून पाच आठवडे मागे मोजले. तेव्हा आम्ही सरावासाठी एका ओढ्याकाठी तळ दिला होता. क्लोरीन घालून, चव घेऊन ते पाणी पिण्यालायक ठरवलं होतं मीच.