जुन्या पेटीतील नवे लॉजिक बोर्ड

प्रोसेसर, स्मृती आणि बाह्य उपकरणांच्या जोडण्या ज्या मुख्य परिपथपट्टीवर एकत्र बसवलेल्या असतात, तिला ॲपल कंपनीच्या परिभाषेत लॉजिक बोर्ड म्हणतात. पेटी आणि पडदा जुनाच ठेवून केवळ हे बोर्ड बदलण्याची प्रथा आज छांदिष्टांची मानली जात असली, तरी तिचा पायंडा खुद्द कंपनीनेच पाडला होता. जानेवारी १९८६ मध्ये मॅकिंटॉश प्लस आला, तेव्हा आधीच्या १२८के आणि ५१२के या संगणकांत त्याचे बोर्ड बसवून घेण्याची सोय होती. नव्या जोडण्यांसाठी पेटीची मागील बाजू बदलावी लागे, दर्शनी भाग मात्र जुनाच राही. पुढे १९८७ च्या एसई या मॉडेललाही १९८९ च्या एसई/३० चे बोर्ड घेता येऊ लागले आणि सुमारे ८ मेगाहर्ट्झच्या ६८००० प्रोसेसरची जागा दुप्पट वेगाच्या ६८०३० ने घेतली.

कंपनीच्या संमतीवाचून ही प्रथा सर्वाधिक रुजली ती १९९३ च्या कलर क्लासिकमध्ये. १० इंची ट्रिनिट्रॉन पडद्याचा हा सुबक संगणक मंद होता, कारण त्यातील ३२ बिटांच्या प्रोसेसरला माहिती १६ बिटांच्या मार्गावरून, म्हणजे दोन हप्त्यांत मिळे, आणि त्याची स्मृती १० मेगाबाइटपलीकडे वाढत नसे. १९९४ च्या एलसी ५७५ चे, ३३ मेगाहर्ट्झच्या ६८एलसी०४० प्रोसेसरचे बोर्ड त्याच आकाराचे असल्याने ते मागील झाकण काढून खणासारखे आत सरकवता येई. या रूपांतराला ‘मिस्टिक’ हे नाव पडले आणि जपानमध्ये कलर क्लासिकच्या अशा फेरबदलांचा छंद विशेष फोफावला. अडचण पडद्याची होती: त्यावर ५१२ गुणिले ३८४ बिंदूंचेच चित्र उमटे, तर अनेक प्रणालींना ६४० गुणिले ४८० बिंदू लागत, म्हणून काही जाणकार पडद्याला वीज आणि संकेत पुरवणाऱ्या ॲनालॉग बोर्डातही बदल करीत. चित्रनलिकेत यंत्र बंद केल्यावरही उच्च दाबाचा विद्युतभार उरू शकतो, त्यामुळे हे काम जोखमीचे होते.

कंपनीने बोर्ड बदलून ग्राहकाची जुनी गुंतवणूक राखली, तर छांदिष्टांनी पेटीचे रूप राखले. आज मात्र या बोर्डांवरील कपॅसिटर गळून त्यांतील द्रवाने तांब्याच्या रेषा कुरतडल्या जातात. त्यामुळे ज्या बोर्डाने कधी जुन्या पेटीला नवे आयुष्य दिले, त्याचीच डागडुजी आता आधी करावी लागते.