मॅकरोनी-चीज आणि हॉटडॉग : अमेरिकन घरांतल्या या झटपट जेवणात नेमकं काय असतं?

चीजमध्ये घोळलेली पिवळी मॅकरोनी आणि वर हॉटडॉगचे तुकडे. अमेरिका आणि कॅनडातल्या अनेक मुलांचं बालपण या ताटलीवर गेलंय. आपल्याकडे दमून घरी आल्यावर खिचडीचा कुकर लागतो, तसंच हे.

याची सुरुवात 1937 सालची. मंदीच्या काळात क्राफ्ट कंपनीने मॅकरोनी आणि चीज पावडरचा डबा बाजारात आणला. किंमत 19 सेंट आणि त्यात चौघांचं जेवण! कॅनडात त्याला आजही 'क्राफ्ट डिनर' म्हणतात. अमेरिकेतल्या डब्याचा तो भडक रंग 2016 पासून कृत्रिम राहिलेला नाही. त्यात पाप्रिका, अ‍ॅनाटो आणि चक्क हळद असते.

पोट भरतं, पण पोषणाचं काय? एका हॉटडॉगमध्ये साधारण 150 कॅलरी असतात आणि त्यातल्या बहुतेक चरबीतून येतात. प्रथिनं जेमतेम 5-6 ग्रॅम, म्हणजे एका अंड्याइतकी. खरी अडचण मिठाची. मॅकरोनी आणि एक हॉटडॉग मिळून सोडियम 1000 मिलिग्रॅमच्या आसपास जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात 2000 मिलिग्रॅमच्या आत राहावं. लहान मुलांसाठी तर मर्यादा त्याहून कमी.

'हॉटडॉग सिगारेटइतकाच घातक' असे मेसेज फिरतात, ते मात्र अर्धवट आहेत. 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्याच गटात टाकलं गेलं, हे खरं. पण तो गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे नाही. रोज 50 ग्रॅम, म्हणजे साधारण एक हॉटडॉग खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. इथे 'रोज' हा शब्द महत्त्वाचा. 'नायट्राइट घातलेलं नाही' असं लिहिलेल्या पाकिटावरही फार विसंबू नका. सेलरीच्या अर्कातून तेच नायट्राइट येतं.

घरी करायचं असेल तर मॅकरोनी शिजत आली की त्याच पाण्यात दोन मिनिटं मटार टाका, चीज पावडर निम्मीच वापरा आणि चौघांत दोनच हॉटडॉग घ्या.

आणि घरात चार वर्षांखालचं मूल असेल तर हॉटडॉगच्या गोल चकत्या अजिबात करू नका. त्या बरोबर श्वासनलिकेच्या मापाच्या असल्याने घशात अडकतात. आधी उभे चार काप करा, मग बारीक तुकडे.