कवाइतीच्या हवालदारापासून शारीरिक शिक्षकापर्यंत

पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर भाईंदरहून मुंबईकडे निघालें म्हणजे मीरारोड, दहिसर आणि बोरिवली मागें टाकून चौथें स्थानक लागतें तें कांदिवलीचें. आज मीरा-भाईंदर हें मोठें शहर आहे. १९८५ सालीं तेथें नगरपरिषद झाली आणि २००२ सालीं महानगरपालिका. परंतु १९३८ सालीं मुंबई सरकारनें कांदिवलीस शारीरिक शिक्षकांच्या शिक्षणाची संस्था उघडली, तेव्हां भाईंदर म्हणजे खाडीच्या कांठचें, मिठागरांसाठीं ओळखलें जाणारें गांव होतें. साष्टी बेटाच्या या उत्तर टोंकाला आतां माध्यमिक शाळा दाटीवाटीनें उभ्या आहेत, आणि त्यांच्या पटांगणावर शिटी घेऊन उभा असलेला शिक्षक कोणाहि पालकाच्या परिचयाचा आहे. तो आला कोठून, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

त्याचा पहिला पूर्वज म्हणजे शाळेंतील कवाइतीचा हवालदार. इंग्रजी अमलांत शाळांतून कवाईत सुरू झाली तेव्हां ती शिकविण्यासाठीं बहुधा पलटणींतून निवृत्त झालेले शिपाई-हवालदार नेमले जात. मिशा पिळलेल्या, आवाज खणखणीत, शिस्त कडक. पण मुलाच्या वाढत्या शरीरासंबंधीं ज्ञान शून्य. लष्करांत भरती होणारा जवान छाती मोजून, डोळे तपासून घेतलेला असतो. शाळेंत येणारें मूल कोणी निवडून घेतलेलें नसतें. त्यांत अशक्त असतें, लाजाळू असतें, तापांतून उठलेलें असतें. या भेदाकडे पाहण्याचें शिक्षण हवालदारास कोणी दिलें नव्हतें, आणि त्याबद्दल त्याला दोष देणें न्याय्य होणार नाहीं. शाळेंतील इतर मास्तरांच्या पंक्तींत त्याला स्थानहि नसे.

दुसरा पूर्वज तालमींतील उस्ताद. पेशवाईच्या अखेरच्या काळांत बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबाची विद्या ऊर्जितावस्थेस आणली, आणि तिचा वारसा महाराष्ट्रांतील तालमींनीं जपला. उस्तादाचें ज्ञान अस्सल होतें. परंतु तें एकेका शिष्याच्या अंगावर हात ठेवून द्यावयाचें ज्ञान होतें. तालमींत शिष्य आपल्या पायांनीं येतो, पहांटे येतो आणि वर्षानुवर्षें येतो. शाळेच्या वर्गांत चाळीस-पन्नास मुलें घंटेबरोबर येतात आणि घंटेबरोबर जातात. तेव्हां जुन्या विद्येला वर्गाच्या सांच्यांत कसें बसवावें, हा खरा पेंच होता.

तो सोडविण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न बडोद्यास झाला. जुम्मादादांच्या आखाड्याचे वारस राजरत्न प्रो. माणिकराव यांनीं देशी व्यायामाला सांघिक रूप दिलें आणि इंग्रजी हुकुमांच्या जागीं हिंदी आज्ञा आणल्या. त्याच बडोद्यांतून द. चिं. मुजुमदार यांचा मराठी व्यायामज्ञानकोश १९३६ पासून निघूं लागला आणि दहा खंडांत पुरा झाला. माणिकरावांच्या शिष्यांत जगन्नाथ गणेश गुणे नांवाचे एक विद्यार्थी होते. पुढें तेच स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्ध झाले. अमळनेर येथें अध्यापन केल्यावर त्यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केलें आणि योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम शास्त्रीय उपकरणांनीं मोजावयास आरंभ केला. आखाड्याची माती आणि प्रयोगशाळा या दोहोंशीं नातें असलेला असा पुरुष त्या काळीं दुर्मिळच म्हणावा लागेल.

वऱ्हाडांत अमरावतीस अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलें. १९२४ पासून मंडळानें उन्हाळ्याच्या सुटींत शिक्षणवर्ग चालविले. कल्पना साधी, पण फार दूरदर्शी होती: शिक्षकाची नोकरी न सोडवितां, सुटींतच त्याला व्यायामाचें शिक्षण द्यावयाचें. वऱ्हाडांतला मे महिना ज्यानें अनुभवला आहे त्याला या शिक्षकांच्या निष्ठेची निराळी साक्ष नको. याच मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिकच्या प्रसंगीं हिंदी खेळांचीं प्रात्यक्षिकें केलीं आणि १९४९ सालीं स्टॉकहोमच्या लिंगियाड महोत्सवांतहि भाग घेतला. ज्या लिंगच्या नांवानें तो महोत्सव भरला, त्यानें १८१३ सालींच स्टॉकहोममध्यें व्यायामशिक्षकांसाठीं राजाश्रयाची संस्था काढली होती. म्हणजे व्यायाम शिकविणाऱ्यालाहि आधीं शिकविलें पाहिजे, ही गोष्ट युरोपास आपल्याहून शंभर वर्षें आधीं उमगली होती.

तिकडे मद्रासेस १९२० सालीं एच. सी. बक या अमेरिकन गृहस्थानें वाय. एम. सी. ए. च्या विद्यमानें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय उघडलें. बक हे स्प्रिंगफील्डच्या विद्यालयांत शिकलेले, आणि १८९१ सालीं बास्केटबॉल जन्मास आला तो त्याच ठिकाणीं. साहजिकच मद्रासचा ओढा मैदानी व चेंडूच्या खेळांकडे, तर अमरावती-बडोद्याचा लाठी, लेझीम, जोर-बैठका आणि मल्लखांबाकडे. देशी कीं विलायती, हा वाद त्या काळीं पुष्कळ रंगला. दोन्ही बाजूंनीं त्यांत अभिमान अधिक आणि शरीरशास्त्र कमी होतें, असेंच म्हणावें लागेल.

१९३७ सालीं मुंबई प्रांतांत बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ आलें. सरकारनें शारीरिक शिक्षणाच्या विचारासाठीं समिति नेमली, तिच्या अध्यक्षपदीं कुवलयानंद होते; आणि पुढच्याच वर्षीं कांदिवलीची संस्था निघाली. पी. एम. जोसेफ तिचे पहिले प्राचार्य. आजवर व्यायामाचें शिक्षण मंडळांच्या आणि मिशनांच्या पदराखालीं वाढलें होतें. आतां माध्यमिक शाळेच्या शिक्षकासाठीं सरकारनें स्वतः दार उघडलें. पदवीधरानें वर्षभर शिकून पदविका घ्यावी आणि तिच्या बळावर शाळेंत इतर शिक्षकांच्या बरोबरीनें बसावें, असा त्यामागील हेतु होता.

अशा शिक्षणांत नवें काय होतें? बाहेरून पाहणारास वाटे कीं हे लोक वर्षभर नुसते धांवतात आणि उड्या मारतात. वास्तविक कठीण भाग निराळाच होता. हाडें कोणत्या वयांत कशीं वाढतात, श्रमानंतर नाडी पूर्ववत् व्हावयास किती वेळ लागावा, हें आधीं समजून घ्यावयाचें. मग पाठ आंखावयाचा: अंग सैल करणाऱ्या हालचालींपासून जोराच्या व्यायामापर्यंत चढत जावयाचें आणि शेवटीं श्वास शांत करूनच वर्ग सोडावयाचा. आज्ञा देण्याचीहि कला असते. तिचे दोन भाग; पहिल्यानें काय करावयाचें तें कळतें, दुसऱ्यानें तें सुरू होतें. दोहोंमधला क्षणभराचा विराम मुलाच्या विचारासाठीं आहे. हवालदार तो विराम धाकासाठीं वापरी, शिक्षकानें तो समजुतीसाठीं वापरावयाचा. आणि एक लहानशी गोष्ट: सूर्य मुलांच्या पाठीशीं असावा, शिक्षकानें स्वतः उन्हाकडे तोंड करून उभें राहावें. मल्लखांबावर मूल चढलें असतां हात कोठें धरावा म्हणजे तें पडणार नाहीं, हें मात्र पुस्तकांतून येत नाहीं. तेथें जुन्या उस्तादाचेंच ऋण मान्य करावें लागतें.

शिक्षण मिळालें, पण मान लगेच मिळाला नाहीं. परीक्षा जवळ आली कीं खेळाचा तास गणिताला द्यावयाचा, हा शाळांचा रिवाज पदविकेमुळें बदलला नाहीं. ज्या विषयांत कोणी नापास होत नाहीं, त्याच्या शिक्षकास कोण जुमानतो? स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं ताराचंद समितीनें मध्यवर्ती संस्थेची शिफारस केली आणि १९५७ सालीं ग्वाल्हेरीस लक्ष्मीबाईंच्या नांवानें महाविद्यालय निघालें. तेथें तीन वर्षांची पदवी सुरू झाली. त्याचे पहिले प्राचार्य म्हणून गेले ते कांदिवलीचेच जोसेफ.

पुढें पदविकेची जागा पदवीनें घेतली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनें २०१४ च्या नियमांनीं बी. पी. एड्. चा एक वर्षाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला, आणि शाळेंत जाऊन प्रत्यक्ष शिकविण्याचा सराव त्याचा आवश्यक भाग ठरला. महाराष्ट्रांत या शिक्षणास प्रवेश घेऊं इच्छिणाऱ्याला लेखी परीक्षेबरोबर मैदानावरची चांचणीहि द्यावी लागते. भाईंदर किंवा मीरारोडच्या तरुणाला त्या चांचणीच्या तयारीसाठीं पहांटे धांवावयाचें असेल, तर इमारतींच्या गर्दींत मोकळी जागा शोधण्यापासूनच त्याला आरंभ करावा लागतो.