मानकीर समुद्रापासून किती लांब?

कर्नाटकातील सेडम तालुक्यात, कागिणा नदीच्या काठी मळखेड आहे. अरबी भूगोलकारांनी ज्या ‘मानकीर’ शहराचा उल्लेख केला, ते हेच असे मानतात. तिथला राजा त्यांच्या लेखी ‘बल्हरा’, म्हणजे वल्लभराज, हे राष्ट्रकूटांचे बिरुद. नावे जुळतात खरी. पण नुसत्या नावांवर विसंबू नये.

मुख्य साक्षीदार बगदादचा अल् मसूदी. हिजरी ३०४ मध्ये (इ.स. ९१६-१७) तो सैमूरला, म्हणजे चौलला होता. तिथल्या राजाचे नाव तो ‘जंज’ असे देतो. शिलाहारांच्या ताम्रपटांतील वंशावळीत त्याच सुमाराचा झंझ सापडतो. चौलपुरता तरी साक्षीदार पक्का.

मानकीरला मात्र तो गेल्याचे दिसत नाही. ते ऐकीव असावे. कोणाकडून? चिंचणीचा शके ८४८ चा ताम्रपट सांगतो की राष्ट्रकूट राजा कृष्ण दुसरा याने संजाणचा कारभार मधुमती नावाच्या ताजिकाकडे सोपवला होता. ताजिक म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मदचे संस्कृत रूप. अशा माणसांकडून दरबारची बातमी किनाऱ्यावर येत असेल, हा माझा तर्क, पुरावा नव्हे.

मसूदीच्या मते मानकीर समुद्रापासून ८० सिंधी फर्सख, आणि असा एक फर्सख आठ मैलांचा. अरबी मैल दोन किलोमीटरला थोडा कमी. म्हणजे बाराशेच्या वर किलोमीटर! चौल ते मळखेड सरळ रेषेत पावणेपाचशेच्या आसपास. आता नेहमीचा तीन मैलांचा फर्सख धरून पाहा: ८० गुणिले ३, म्हणजे २४० मैल, पावणेपाचशेच्या जवळपास. आकडा बरोबर आणि खुलासा चुकीचा, असे झाले असावे. अर्थात वाट सरळ रेषेत जात नाही, आणि मसूदी ‘समुद्र’ म्हणतो, ‘चौल’ नव्हे. तेव्हा फार हुरळून जाऊ नये.

भाषेची नोंद अधिक वजनदार वाटते. किनाऱ्यावर ‘लारिया’, मानकीरला ‘किरिया’. दुसरी बहुधा कन्नड. दोन मुलखांची बोली वेगळी, हे त्याच्या कानावर आले होते.

पुढचा साक्षीदार धनपालाचा प्राकृत कोश, धाकट्या बहिणीसाठी रचलेला. माळव्याच्या लोकांनी मण्णखेड, म्हणजे मळखेड, लुटले त्या वर्षी, विक्रम संवत १०२९ मध्ये (इ.स. ९७२-७३) तो पुरा झाल्याचे धनपाल स्वतः नोंदवतो. लवकरच राष्ट्रकूट सत्ता संपली.

पण नकाशेकारांना ते कळले नाही. ११५४ मध्ये सिसिलीत रॉजर राजासाठी अल् इद्रीसीने जगाचे ७० तुकड्यांत नकाशे काढले, दक्षिण वर ठेवून. सोबतच्या ग्रंथात बल्हरा अजून राज्य करतो आहे; फक्त त्याची राजधानी ‘नहरवारा’, म्हणजे गुजरातचे अणहिलवाड. तिथे तेव्हा चौलुक्य कुमारपाल गादीवर होता.