जुनाट अतिसार : सिलियाक, क्रोन्स की अल्सरेटिव्ह कोलायटिस?

दीर्घकाळचा अतिसार, पोटदुखी, वजनातील घट आणि रक्तक्षय ही लक्षणे तीन भिन्न आजारांत आढळतात. सिलियाक हा स्वयंप्रतिकार विकार असून त्यात गहू व जव यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराची हानी होते. क्रोन्सचा दाह तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही, मध्ये निरोगी भाग सोडून उद्भवतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. अल्सरेटिव्ह कोलायटिस मात्र मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरापुरता मर्यादित असतो. तो गुदाशयापासून सलग वर पसरतो. रक्तमिश्रित शौच हे त्याचे ठळक लक्षण होय.

सिलियाकच्या निदानासाठी रक्तातील टीटीजी प्रतिपिंडांची तपासणी व लहान आतड्याची बायोप्सी करतात. अन्य दोहोंसाठी प्रामुख्याने कोलोनोस्कोपी व बायोप्सी आवश्यक ठरते. तपासणीपूर्वीच गहू सोडल्यास सिलियाक असूनही अहवाल नकारार्थी येऊ शकतो. आतड्याचा क्षयरोगही क्रोन्ससारखाच भासतो. त्याची शक्यता न पडताळता स्टेरॉइड घेतल्यास क्षय बळावू शकतो. म्हणून पथ्य वा औषध स्वतःहून सुरू न करता प्रथम निदान करून घ्यावे. सिलियाक निश्चित झाल्यास गहू आजन्म वर्ज्य असतो. तांदूळ, ज्वारी, बाजरी व नाचणी चालतात.