पुनर्वापराचा इतिहास आणि एक जुना आकडा

मध्यंतरी आमच्या कार्यालयाच्या अभ्यागत कक्षातील पाणी शुद्ध करणारे यंत्र बंद पडले. दुरुस्तीसाठी लागणाऱ्या भागाची किंमत १८,४०० रुपये होती आणि तो भाग शासनाच्या ई-बाजारपेठेत उपलब्ध नव्हता. नस्ती सुरू झाली आणि तिच्यावर 'स्थानिक खरेदी समितीची शिफारस आवश्यक' असा शेरा आला. समितीचे तीन सदस्य एकत्र येण्यास चार आठवडे लागले. होळी होऊन गेली होती, दिल्लीतील ऊन तापू लागले होते. निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांसाठी येणारी वृद्ध मंडळी त्या काळात समोरच्या टपरीवरून पाण्याच्या बाटल्या विकत घेत होती.

पुढे लक्षात आले की, या खरेदीला समितीची गरजच नव्हती. तो शेरा कोणा माणसाने लिहिलेला नव्हता. आमच्याकडील एका तरुण सहायक कक्ष अधिकाऱ्याने खरेदीच्या प्रकरणांची छाननी करणारी एक छोटी आज्ञावली तयार केली होती. तो शिक्षणाने अभियंता. आज्ञावली लिहिण्यासाठी त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या सहायकाची मदत घेतली होती, आणि त्या सहायकाला शासकीय खरेदीचे नियम समजावेत म्हणून दुसऱ्या विभागातील मित्राकडून मिळालेले एक 'स्किल' जोडले होते. एका संध्याकाळी मी त्याला म्हणालो, "ते स्किल म्हणजे काय असते, ते मला उघडून दाखव." त्या संध्याकाळी जे पाहिले, त्यावरून हा लेख सुचला.

स्किल हे दिसायला अगदी साधे असते. एक फोल्डर आणि त्यात 'स्किल डॉट एमडी' नावाची साध्या मजकुराची फाईल. फाईलच्या आरंभी संपुटाचे नाव आणि ते केव्हा वापरावे याचे एक-दोन ओळींचे वर्णन. खाली कामाची सविस्तर पद्धत. सोबत हवे असल्यास नमुने, संदर्भ आणि तयार आज्ञावल्या. मी त्याला कौशल्यसंपुट म्हणेन. सहायक प्रथम सर्व संपुटांची केवळ नावे आणि वर्णने वाचतो. हातातील काम एखाद्या वर्णनाशी जुळले, तरच तो पूर्ण मजकूर उघडतो, आणि त्यात निर्देश असेल तर पुढचे कागद पाहतो. अनुभवी लिपिकाला सगळे नियम पाठ नसतात. कोणत्या कपाटात काय आहे, हे मात्र त्याला ठाऊक असते. त्यातलाच हा प्रकार. अँथ्रॉपिक या कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये ही रचना आपल्या 'क्लॉड' या सहायकासाठी आणली आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती इतरांनाही वापरता यावी म्हणून खुले मानक म्हणून प्रसिद्ध केली.

ही कल्पना नवी वाटली तरी तिची वंशावळ जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या 'एडसॅक' या संगणकावर ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालली. वर्गमूळ काढणे, आकडे छापणे अशी कामे प्रत्येकाला वारंवार लागतात. ती प्रत्येकाने नव्याने का लिहावीत, हा प्रश्न लगेचच उभा राहिला. मग अशा उपआज्ञावल्या छिद्रांकित कागदी फितींवर उतरवून एका पोलादी कपाटात ठेवण्यात आल्या. गरजेप्रमाणे फीत काढावी, आपल्या फितीत तिची नक्कल जोडावी आणि मूळ फीत परत ठेवावी, अशी रीत पडली. विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये या पद्धतीवर ग्रंथ लिहिला. त्या सुमारास कपाटात ८७ उपआज्ञावल्या जमल्या होत्या.

व्हीलर यांनी १९५२ च्या एका निबंधात नोंदवलेले निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. उपआज्ञावली लिहून आणि तपासून झाली तरी एक मोठे काम उरते, असे ते सांगतात. ज्याने ती आतून पाहिलेली नाही त्यालाही ती वापरता यावी, असे तिचे वर्णन लिहिणे. आणि हे काम कदाचित सर्वांत अवघड असते. ज्याने एखादे परिपत्रक सोप्या भाषेत लिहिण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही.

अमेरिकेत हार्वर्डच्या 'मार्क वन' या यंत्रावर काम करणाऱ्या ग्रेस हॉपर आणि त्यांचे सहकारी उपयुक्त आज्ञाखंड वह्यांमध्ये उतरवून ठेवत आणि एकमेकांच्या वह्यांतून नकलून घेत. माणसे अचूक नक्कल करू शकत नाहीत, हा त्यांचा अनुभव. मग नक्कल करण्याचे कामच यंत्राकडे का सोपवू नये, या विचारातून त्यांनी १९५२ च्या सुमारास 'ए-झीरो' ही प्रणाली तयार केली. नकलेतील चूक त्यामुळे टळली. परंतु मूळ वहीतच चूक असेल, तर तीही अचूकपणे नकलली जाणार होती.

पुढे ऑक्टोबर १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने एक परिषद भरली. तेथे बेल प्रयोगशाळेच्या डग मॅकइलरॉय यांनी असे मांडले की, यंत्रोद्योगात सुटे भाग सूचिपत्रातून निवडता येतात, तसे आज्ञावल्यांचे घटकही निवडता आले पाहिजेत. हे स्वप्न साकार होण्यास काही दशके गेली. १९९५ मध्ये पर्ल या संगणकभाषेसाठी 'सीपॅन' हे भांडार आणि २०१० मध्ये जावास्क्रिप्टसाठी 'एनपीएम' सुरू झाले. पोलादी कपाट आता जगभर उघडे झाले. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरील 'लेफ्ट-पॅड' नावाचा घटक त्याच्या लेखकाने काढून घेतला. मजकुराच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा किंवा शून्ये भरणे, एवढेच त्याचे काम. लांबी ११ ओळी. परंतु त्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष अवलंबून असलेले हजारो प्रकल्प काही तास अडले. त्यांतील अनेकांना आपण या ११ ओळींवर उभे आहोत, याची कल्पनाही नव्हती.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, त्यामुळे या घटनांकडे खर्चाच्या अंगाने पाहण्याची सवय आहे. पॉल रोमर यांनी १९९० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले की, एखादी रीत किंवा कृती ही वस्तूसारखी नसते. ती तयार करण्याचा खर्च एकदाच येतो. नंतर ती कितीही जणांनी वापरली तरी झिजत नाही. त्यांना २०१८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे हाच विचार होता. कौशल्यसंपुट हे त्याचे उत्तम उदाहरण होय. मात्र या हिशेबाला दुसरी बाजू आहे. वापर फुकट असला तरी पडताळणी फुकट नसते. ती करण्यास वेळ आणि जाणकारी लागते. हजार वापरकर्ते असतील, तर 'इतक्या जणांनी वापरले आहे, म्हणजे कोणीतरी तपासलेच असेल' असे प्रत्येकास वाटते, आणि म्हणून कोणीच तपासत नाही. सार्वजनिक वस्तूंच्या बाबतीत फुकट लाभ घेणाऱ्यांचा जो प्रश्न आपण पाठ्यपुस्तकात शिकतो, तो येथे पडताळणीच्या रूपाने पुन्हा भेटतो.

कौशल्यसंपुटांनी यात आणखी एक गुंता वाढवला आहे. फितीवरील आज्ञा सदोष असली तर पुष्कळदा यंत्र थांबे आणि दोष उघड होई. संपुटातील मजकूर साध्या भाषेत असतो. वाक्य कालबाह्य असले तरी व्याकरणाने शुद्धच असते, आणि सहायक ते विनातक्रार पाळतो. शिवाय संपुटाबरोबर चालवता येण्याजोग्या आज्ञावल्याही येऊ शकतात; म्हणून विश्वासू ठिकाणाहून आलेलीच संपुटे वापरावीत, असा सल्ला ती काढणारी कंपनीही देते. पण दुष्ट हेतूपेक्षा आमच्या कार्यालयात घडला तो प्रकार अधिक सामान्य असावा.

प्रशासनाला हे सारे अपरिचित नाही. मध्ययुगीन गुजरातेतील 'लेखपद्धति' या संस्कृत संग्रहात दस्तऐवजांचे व पत्रांचे नमुने आहेत. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावाने ओळखले जाणारे मेस्तक, मोगल काळातील 'दस्तूर-उल्-अमल' नावाच्या पुस्तिका, ही सगळी आपापल्या काळची कौशल्यसंपुटेच म्हणता येतील. स्वतंत्र भारतात केंद्रीय सचिवालयाची कार्यालयीन कार्यपद्धती पुस्तिका १९५५ पासून आहे. तिच्यात 'स्टँडिंग गार्ड फाईल'ची जी रचना सांगितली आहे, ती सेवेच्या पहिल्या वर्षी मला रूक्ष वाटली होती. तिचे तीन भाग असतात. पहिल्यात विषयाच्या तत्त्वांचा व धोरणाचा सारांश, दुसऱ्यात मूळ आदेशांच्या प्रती कालानुक्रमे, तिसऱ्यात पत्रव्यवहाराचे नमुने. सारांश, संदर्भ, नमुने: कौशल्यसंपुटाची रचना जवळजवळ हीच आहे. परंतु गार्ड फाईलच्या नियमात एक अट आहे. सारांशातील प्रत्येक तत्त्वासमोर, समासात, ज्या आदेशावरून ते घेतले त्याचा क्रमांक आणि दिनांक लिहायचा.

त्या संध्याकाळी उघडलेल्या संपुटात समासही नव्हता आणि दिनांकही नव्हता. 'पंधरा हजार रुपयांहून अधिक किमतीच्या खरेदीस स्थानिक समितीची शिफारस घ्यावी' एवढेच वाक्य होते. सर्वसाधारण वित्तीय नियम प्रथम १९४७ मध्ये निघाले. पुढे १९६३, २००५ आणि २०१७ मध्ये त्यांची पुनर्रचना झाली. पंधरा हजारांची मर्यादा २००५ च्या नियमांतील. २०१७ च्या नियमांनी ती २५,००० केली आणि त्यानंतरही दुरुस्त्या होत राहिल्या. म्हणजे संपुट आजचे, आकडा मात्र निरस्त झालेला.

तो तरुण अधिकारी ओशाळला. मी मजकूर पुढे वाचत गेलो. अकरा मुद्दे, त्यांचा क्रम, 'प्रथम गरज सिद्ध करा, मग किंमत पाहा' हे वाक्य, आणि सातव्या मुद्द्यातील एक विचित्र शब्दयोजना. ती मी ओळखली, कारण ती माझी होती. २००९ मध्ये दुसऱ्या एका विभागात असताना नवख्या सहकाऱ्यांसाठी मी खरेदीची एक तपासणी-सूची तयार केली होती. ती सोयीची असल्याने हातोहात पसरली, आणि मला तेव्हा त्याचा अभिमानही वाटला होता. नियम सर्वांना ठाऊकच आहेत, असे समजून मी तिच्यावर ना दिनांक घातला होता, ना नियमाचा क्रमांक. ती सूची टंकलिखित प्रतींतून ई-मेलमध्ये, तेथून कोणाच्या तरी संगणकावर आणि शेवटी या संपुटात पोहोचली. मी त्या मुलाला हे सांगितले. तो प्रथम हसला नाही; मी हसल्यावर हसला.

आणखी एक कबुली द्यायला हवी. समितीच्या शेऱ्याखाली 'सहमत' असे लिहून मीच सही केली होती. चूक सावधगिरीच्या बाजूची होती, आणि आमच्या व्यवस्थेत सावधगिरीची चूक चूक म्हणून ओळखलीच जात नाही. नियमापेक्षा कमी छाननी झाली असती, तर लेखापरीक्षेने ती पकडली असती. अधिक छाननीचा भुर्दंड पाण्याच्या बाटल्या विकत घेणाऱ्यांनी भरला, आणि त्यावर कोणताही लेखापरीक्षण परिच्छेद निघणार नव्हता.

या सहायकांपासून दूर राहावे, असा निष्कर्ष मी काढत नाही. ज्या आज्ञावलीसाठी पूर्वी आम्हाला महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली असती, ती त्या मुलाने दोन दिवसांत तयार केली होती. अनुभवी माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याची जाण त्याच्याबरोबर जाते. ती लिहून, बांधून पुढच्यास देता येणे ही लहान गोष्ट नाही. मात्र लिहिलेल्या जाणिवेला पालक लागतो. त्या संध्याकाळनंतर आम्ही कार्यालयापुरते तीन नियम ठरवले. प्रत्येक संपुटाच्या आरंभी ते सांभाळणाऱ्या पदाचे नाव असेल. प्रत्येक आकड्यासमोर मूळ आदेशाचा क्रमांक व दिनांक असेल. आणि दर सहा महिन्यांनी संपुट कोणीतरी शेवटपर्यंत वाचेल. न वाचलेले संपुट वापरातून काढले जाईल.

पहिले संपुट त्या तरुण अधिकाऱ्याने माझ्याच सूचीवरून नव्याने लिहिले. सातव्या मुद्द्यातील माझी विचित्र शब्दयोजना त्याने दुरुस्त केली, आणि प्रत्येक मुद्द्यासमोर आदेशाचा क्रमांक व दिनांक लिहिला. ते सांभाळणारा म्हणून माझे पद घातले आहे. पहिले सहा महिने पुढील महिन्यात पूर्ण होतात. वाचन मला करायचे आहे.